बर्फात गुदमरणारी गाडी

प्रश्न : मी कोलोरॅडोत राहतो. टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाल्या स्नोमोबाइलला (बर्फावर चालणाऱ्या गाडीला) बाहेरून घेतलेला कोल्ड एअर इनटेक (इंजिनात थंड हवा ओढून घेणारा भाग) बसवला. डोंगरात भुसभुशीत बर्फात गाडी गुदमरते. काय चुकलं?

उत्तर : आधी इनटेकचं तोंड बघा. माझ्या गाडीचंही असंच झालं होतं. झाकण उघडलं तर फिल्टरवर बर्फाचा थर! तोंडावर बर्फ अडवणारी बारीक जाळी लावा, कडेचं सील नीट बसलंय ना पाहा. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के असतो. ती तूट इनटेक भरून काढत नाही. मला खरी काळजी पिस्टनची वाटते. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर तो तापून वितळतो. स्पार्क प्लग पांढराफटक दिसला, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, तर मोठा जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) बसवेपर्यंत फुल थ्रॉटल कृपया देऊ नका.