डेटा नॉर्मल (घंटेच्या आकाराचा) आहे का हे तपासणाऱ्या शापिरो-विल्क चाचणीचा पी ०.०३ आला, म्हणजे डेटा नॉर्मल नसल्याचा इशारा; पण क्यू-क्यू प्लॉट, म्हणजे डेटा नॉर्मल वितरणाशी ताडून दाखवणारा आलेख, सरळ दिसतो. दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी टी-टेस्ट चालेल का?

तुमच्या दोन गटांत मिळून ४०० नोंदी आहेत, शापिरो-विल्क चाचणी तुम्ही दोन्ही गट असलेल्या पूर्ण कॉलमवर एकदम चालवली आणि प्लॉटवर टोकाचे तीन-चार ठिपके सोडले तर बाकीचे रेषेवर आहेत. टी-टेस्ट चालेल. फक्त आधी तपासणी योग्य जागी करा.

नॉर्मल असायला हवं ते प्रत्येक गटाचं आपापलं वितरण, म्हणजे गटाची सरासरी वजा करून जे उरतं ते, रेसिड्युअल. दोन्ही गट एकत्र तपासले आणि सरासऱ्या बऱ्याच लांब असल्या, तर हिस्टोग्रामला दोन उंचवटे येतात. मग दोन्ही गट स्वतंत्रपणे नॉर्मल असूनही पी खाली घसरतो.

दुसरं म्हणजे नमुन्याचा आकार. शापिरो आणि विल्क यांनी १९६५ साली ही चाचणी मांडली तेव्हा तिची कोष्टकं ५० नोंदींपर्यंतच होती. ४०० नोंदींवर ती बारीकसा बाकही पकडते, ज्याने टी-टेस्टला काही फरक पडत नाही. उलट १० नोंदी असतील तर चांगलंच तिरकं वितरणही बिनबोभाट सुटतं. म्हणजे जिथे नॉर्मलपणाची खरी गरज, तिथेच ही चाचणी दुबळी! म्हणून मी आधी प्लॉटच बघतो.

उभ्या अक्षावर तुमचा डेटा आहे असं धरून सांगतो. दोन्ही टोकं रेषेच्या वर आणि मधला भाग खाली असेल, तर शेपूट उजवीकडे लांब आहे. आकडे सगळे धन असतील तर त्यांचा लॉग (लॉगॅरिदम) घेऊन पाहा. डावं टोक खाली आणि उजवं वर गेलं, तर दोन्ही शेपट्या जड आहेत, आणि इथे लॉगचा उपयोग नाही. ठिपके पायऱ्यांसारखे दिसले तर मोजमाप पूर्णांकात झालंय, एवढंच. एखादाच ठिपका एकटा लांब उडालेला असेल, तर प्लॉट बाजूला ठेवून ती नोंद उघडा. बरेचदा दशांश चिन्ह चुकलेलं असतं.

टोकाचे ठिपके थोडे हलणारच. किती हललेले चालतात ते डोळ्यांना शिकवायचं असेल, तर आर या संगणकभाषेत आरनॉर्म (rnorm) हे नॉर्मल आकडे काढणारं फंक्शन वापरून तुमच्या गटाएवढेच नमुने आठ-दहा वेळा काढा आणि प्रत्येकाचा क्यू-क्यू प्लॉट पाहा. हे सगळे खरोखर नॉर्मल, तरी एकही रेषेवर तंतोतंत बसत नाही. तुमचा प्लॉट त्यांच्यात मिसळून गेला तर निर्धास्त राहा.

मला जास्त काळजी दोन गटांच्या विचलनांची, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याची वाटते. ती वेगळी असतील आणि गटांचे आकारही वेगळे असतील, तर साधी टी-टेस्ट फसवते. वेल्चची टी-टेस्ट वापरा, ती दोन्ही विचलनं सारखी धरत नाही. आरमध्ये तीच आपोआप चालते. एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये निकालाच्या दोन ओळी येतात, त्यातली खालची घ्या.