‘नाहीतर आयटीआयला घालीन!’

मे महिन्यात एसएसएलसीचा (दहावीचा) आणि पीयूसीचा (बारावीचा) निकाल लागून गेला की बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. “मॅडम, आता याला कुठं घालायचं?” ‘घालायचं’ हे क्रियापद ऐकलं की मी पेन खाली ठेवते. मूल हे काही बरणीत घालायचं लोणचं नाही. असो.

खानापूर तालुक्यातलं एक कुटुंब आलं होतं. मुलाला इथं सचिन म्हणू. तपशीलही थोडे बदलले आहेत. मराठी माध्यमातून एसएसएलसीला ७१ टक्के. मग ‘मार्क आहेत तर सायन्सच’ म्हणून पीयूसी. पुस्तकं इंग्रजीत, वर्गात समजावणं निम्मं कन्नडात, आणि हा मागच्या बाकावर. पुढं काय झालं असेल ते कुणालाही कळेल. फिजिक्स आणि मॅथ्स, दोन्ही गेले.

वडील उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, वाळूचे साचे करणारे मोल्डर. आल्या आल्या म्हणाले, “नुसता मोबाईल बघूलालाय. परत बस म्हटलं तर बसत नाही. पाचवीपासून सांगूलालोय, अभ्यास कर, नाहीतर आयटीआयला घालीन. आता घालायचीच पाळी आली.”

आईनं पिशवीतून माहितीपत्रकांचा गठ्ठा काढला. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, कोपा (कॉम्प्युटर चालवण्याचा ट्रेड). पॉलिटेक्निकचे मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर. जीटीटीसी या सरकारी टूलरूम प्रशिक्षण केंद्राचा टूल अँड डाय मेकिंग, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवण्याचा. ती एकेक नाव वाचत होती आणि सचिन एकेक इंच खाली सरकत होता. ज्या गोष्टीचा सहा-सात वर्षं धाक दाखवला, तिची यादी आता पर्याय म्हणून त्याच्यापुढं ठेवली होती. त्याला ती शिक्षांची यादीच वाटणार.

पहिल्या दोन भेटींत तो काहीच बोलला नाही. कल चाचणीचा कागद मी मुद्दाम काढला नाही. माझा पिंड मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अॅडलरच्या विचारांचा. मुलाला काय आवडतं यापेक्षा त्या घरात कुठल्या कामाला मान आहे आणि कुठलं काम हिणवलं जातं, हे मला आधी कळावं लागतं.

तिसऱ्या भेटीत मी वडिलांना विचारलं, “तुम्ही दिवसभर नेमकं काय करता? मला काहीच माहीत नाही असं समजून सांगा.”

ते संकोचले. मग टेबलावरची डबी पुढं ओढून त्यांनी तिची मोल्डिंगची पेटी केली. वाळूत बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी कसं मिसळतात, पॅटर्न म्हणजे वस्तूचा नमुना कसा ठेवतात, वायू बाहेर पडायला वाट ठेवली नाही तर कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या वस्तूत, पोकळ भोकं कशी पडतात, सगळं सांगितलं. “आणि ओल?” मी विचारलं. त्यांनी हवेतच मूठ आवळली. “दाबून बघायची. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे राहिले पाहिजेत, आणि गोळा मोडला की कडा स्वच्छ तुटली पाहिजे. भुगा झाला तर पाणी कमी. हाताला चिकटली तर जास्त.”

सचिन पहिल्यांदाच सरळ बसला होता. “हे तुम्ही घरात कधी सांगितलं नाही.”

“तुला काय करायचंय त्याचं?”

“मग कायम त्याचीच भीती का घालत होता?”

खोलीत कुणीच बोललं नाही. अशा वेळी समुपदेशकाला बोलण्याचा फार मोह होतो. बावीस वर्षांनी मला तो आवरता येतो, एवढं मी स्वतःबद्दल म्हणू शकते. बऱ्याच वेळानं वडील म्हणाले, “काम वाईट नाही रे. वाळू मला कळते. पण माझ्याकडं कागद नाही. काल आलेला पोरगा सर्टिफिकेट घेऊन येतो, आणि मला अजून ‘ए हेल्पर’ म्हणून हाक मारतात.”

म्हणजे ज्या कागदावाचून त्यांची उमेद गेली, तो कागद मिळण्याच्या जागेचाच ते मुलाला धाक दाखवत होते. हे त्यांच्याही तेव्हाच ध्यानात आलं असावं. त्यांनी आईच्या हातातला गठ्ठा स्वतःकडं घेतला.

त्यानंतरचं काम सोपं होतं. पण ते बहुतेक पालकांना ठाऊक नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. या शिक्षणानं वाट बंद होते, ही समजूत चुकीची आहे. आयटीआयत वेल्डर, फाउंड्रीमन, कोपा असे एका वर्षाचे ट्रेड आहेत. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. दोन वर्षांचा ट्रेड झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची सोय आहे. डिप्लोमा तीन वर्षांचा, एसएसएलसीवर मिळतो. पीयूसी गेली तरी एसएसएलसीचे मार्क कुठं जात नाहीत. डिप्लोमानंतर डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. जीटीटीसीचा टूल अँड डायचा डिप्लोमा तीन वर्षं शिक्षण आणि चौथं वर्ष कारखान्यात, असा आहे. शिवाय १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप आहेच. त्यात विद्यावेतन मिळतं.

मात्र माहितीपत्रकावरच्या चकचकीत फोटोवर जाऊ नका. ट्रेडला केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी, पूर्वी एनसीव्हीटी) मान्यता आहे का ते विचारा. वर्कशॉप आत जाऊन बघा. लेथ (धातू कातायची यंत्रं) किती आहेत, आणि त्यातले चालू किती? लेथखाली धातूचा ताजा कीस पडलेला दिसला पाहिजे. सुटायच्या वेळी गेटवर थांबा आणि दुसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठा. ती खरं सांगतात. एका खासगी संस्थेत आमच्या एका पालकांना वर्कशॉपचं कुलूप उघडायला किल्लीच सापडेना. ते तिथूनच परत फिरले.

भाषेची सचिनला मोठी धास्ती होती. मी त्याला वडिलांबरोबर एक दिवस उद्यमबागेत पाठवलं. येऊन म्हणाला, “मॅडम, तिथं कोण कुठल्या भाषेत बोलतो तेच कळंना. पण जॉब, कोअर, पॅटर्न सगळ्यांचं एकच.” कन्नड शिकावंच लागेल हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. सीमाभागात राहून ते टाळणं मला पटत नाही, कुणाला राग आला तरी.

त्यानं फाउंड्री निवडली नाही. मशिनिस्टला गेला. वडिलांना थोडं लागलं, हे मला दिसलं. लागलं याचं मला बरंही वाटलं.

परवा त्यांचा फोन आला. धाकटी आता नववीत आहे. मी म्हटलं, “तिला आयटीआयचा धाक दाखवत नाही ना?”

“छे, ते बंद,” ते म्हणाले. “आता तिची आई म्हणते, नीट वाग, नाहीतर सायन्सला घालीन.”