याझ्दला दोनच दिवस असतील तर आधी पाणी पाहा

दोन दिवसांत इराणमधल्या याझ्द शहरात काय पाहावं आणि वाळवंटातल्या बागेसाठी अर्धा दिवस घालवावा का, असं तुम्ही विचारलंय. जरूर घालवा, पण सुरुवात बागेपासून करू नका. आधी पाण्याच्या संग्रहालयात जा. ते एका जुन्या वाड्यात आहे आणि वाड्याच्या पोटातून कनात जाते.

कनात म्हणजे आपली तंबूची नव्हे. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून तिथलं पाणी किंचित उताराच्या बोगद्यातून कित्येक किलोमीटर शहरात आणायचं. पंप लागत नाही, उन्हाने पाणी आटतही नाही. मलिक अंबरची औरंगाबादची नहर पाहिली असेल तर लगेच ओळख पटेल. संग्रहालयातलं तांब्याचं वाडगं नीट बघा. बुडाला बारीक छिद्र, मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर सोडलेलं. ते भरून बुडालं की एक माप झालं. थेट आपलं घटिकापात्र! पण इथे मुहूर्त नाही, कोणाच्या शेताला किती वेळ पाणी हे त्यावर ठरायचं.

हे पाहून झालं की दुपारी ती वाळवंटातली बाग, याझ्दचीच दौलताबाद बाग. अठराव्या शतकात याझ्दचा सुभेदार मोहम्मद तकी खान याने ती वसवली, पाणी लांबच्या मेहरीझहून कनातीने आणलं. सरूची झाडं, डाळिंबं, द्राक्षं, आणि मधोमध सरळ पाट. टोकाच्या महालावर सुमारे ३३ मीटर उंच, अष्टकोनी बादगीर, म्हणजे वारा पकडून खाली आणणारा मनोरा आहे. त्याच्या बरोबर खाली उभे राहा आणि मान वर करा. उंच चिरांमधून उतरलेला वारा खालच्या हौदावरून फिरतो आणि घामेजल्या मानेला गार लागतो. बाहेर अंगाची लाही होत असते. मी तिथून तासभर हललो नाही. ही बाग २०११ पासून जागतिक वारसा यादीत आहे, जुनं शहर २०१७ पासून.

दुसरा दिवस गल्ल्यांना द्या. मातीच्या उंच भिंती, वर कमानी, त्यामुळे भर दुपारीही सावली. जुन्या दारांवर दोन वेगळ्या कड्या दिसतील: पुरुषांसाठी जड दांडी, बायकांसाठी हलकी गोल कडी. आवाजावरून आत कळायचं, कोण आलंय ते. जामा मशिदीचे मिनार लांबूनही दिसतात, त्यासाठी वेगळी धावपळ नको.

संध्याकाळ मात्र अग्निमंदिरासाठी राखा. सध्याची इमारत १९३४ ची, मुंबईच्या पारशांच्या पैशाची मदत तिला झाली. समोर गोल हौद आहे. वारा पडला की अख्खी इमारत त्यात उतरते.