आम्ही निवडलेले, मग शेजारी कोण?

ताई, प्रभूच्या नावात सप्रेम सलाम. तुमच्या मुलीला मैत्रिणीने विचारलं, “तुम्ही देवाने निवडलेले, मग आम्ही काय टाकून दिलेले?” आणि ती गप्प राहिली, असं तुम्ही लिहिलंत. तिला रागावू नका. याच प्रश्नावर मी ३५ वर्षांपूर्वी चुकीचं बोलून बसलो होतो.

तेव्हा मी अलिबागला नोकरीत होतो. घरमालक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले, असं त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तेलाचा घाणा आणि शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. मी नुकता चर्चमध्ये बोलायला लागलो होतो, अंगात जोर होता. त्यांच्याच ओटीवर बसून मी आजोबांना म्हणालो, देवाने आता तुमच्या जागी आम्हाला निवडलंय. आजोबा चिडले नाहीत. माझ्याच हातातलं पवित्र शास्त्र उघडायला लावलं: त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा अध्याय ७, वचन ७ आणि ८. तुम्ही संख्येने जास्त म्हणून परमेश्वराने तुम्हाला निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होतात. त्याची प्रीती होती, म्हणून निवडलं. मला मोठ्याने वाचायला लावून म्हणाले, “यात आमची बढाई कुठे आहे, दाखव.” मला दाखवता आली नाही.

कृपा म्हणजे हेच. निवडीचं कारण निवडलेल्यात सापडत नाही. इफिसकरांस पत्र २:८-९ मध्ये प्रेषित पौल तेच सांगतो: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही, म्हणजे कुणी अभिमान बाळगू नये. आपल्याकडे १ पेत्र २:९ मधला ‘निवडलेला वंश’ पोरांनाही पाठ असतो, पण दहावं वचन कुणी म्हणत नाही. त्यात आहे की पूर्वी तुम्ही लोकच नव्हता, तुमच्यावर दया झालेली नव्हती.

आता मी वेंगुर्ल्याजवळ कलमं बांधतो, म्हणून पौलाच्या रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय (रोम ११) मला हातांनी समजतो. आपण रायवळचा बाठा रुजवतो, तांबूस कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून खाच देतो, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवतो आणि पट्टी बांधतो. गिऱ्हाईक काडी कुठल्या झाडाची ते विचारतं. खुंटाची, म्हणजे खालच्या रोपाची, चौकशी कुणी करत नाही. पौलाने नेमकं उलटं कलम सांगितलंय. झाड लावलेलं, चांगलं जैतून (ऑलिव्ह), काडी रानटी. हे निसर्गाच्या उलट आहे, असं तो स्वतःच म्हणतो (११:२४). ती रानटी काडी म्हणजे आपण, आणि चांगलं मूळ त्या आजोबांच्या घराण्याचं. तू मुळाला धरून नाहीस, मूळ तुला धरून आहे, हे वचन १८ मी त्या ओटीवर बसण्याआधी वाचायला हवं होतं. देवाचं पाचारण मागे घेतलं जात नाही, असंही पुढे २९ मध्ये आहे.

देवाने आधीच ठरवून निवडलं, की कोण विश्वास ठेवणार हे आधी जाणून निवडलं, यावर मंडळ्यांत मतभेद आहेत. पहिलं मत धर्मसुधारक कॅल्विनच्या अनुयायांचं, दुसरं डच धर्मपंडित आर्मिनियसच्या. त्यांचा वाद १६१८-१९ च्या, नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेपर्यंत गेला, आजही मिटलेला नाही. माझा कल कॅल्विनकडे आहे. पण कोण निवडलेला नाही याची यादी कॅल्विनच्याही हातात नव्हती, आणि तुमच्या मुलीच्या हातात तर नाहीच. मैत्रिणीला तिने हे सरळ सांगावं.

निवड कशासाठी, हेही सांगावं. अब्राहामाला बोलावलं तेव्हाच (उत्पत्ती १२:३) पृथ्वीवरची सगळी कुळं त्याच्याद्वारे आशीर्वादित होतील असं म्हटलंय. आमोस ३:२ तर अंगावर काटा आणतं: सर्व कुळांतून मी तुम्हालाच ओळखलं, म्हणून तुमच्या अन्यायाचा झाडा तुमच्याकडूनच घेईन. निवडलेल्याला सवलत नाही, जास्त हिशेब आहे.

मुलीला एकदम रोम ९ वाचायला देऊ नका, घाबरेल. आधी अनुवाद ७, मग उत्पत्ती १२, मग रोम ११. नववा अध्याय शेवटी, आणि तो तुम्ही तिच्या शेजारी बसून वाचा.