हंगेरियन लोकसंगीतातल्या सगळ्या नृत्यधुना सारख्याच वाटतात. ऐकायला सुरुवात कुठून करावी?

ट्रान्सिल्व्हेनियातल्या खेड्यांच्या तंतुवाद्य-वृंदापासून करा, आणि सुटी धून न ऐकता नृत्याची अख्खी मालिका सलग ऐका. हा प्रदेश आज रोमानियात आहे, पण तिथल्या हंगेरियन गावांत, विशेषतः सेकमध्ये, ही परंपरा फार काळ जिवंत राहिली. १९७२ मध्ये बुडापेस्टमधल्या तरुणांनी 'तांत्सहाझ' म्हणजे नाचघराची चळवळ सुरू केली, तीही इथलंच संगीत आणि नाच शिकून. मालिका बहुधा संथ लयीत सुरू होते आणि न थांबता चढत जाते. चार्दाश हा जोडीचा नाच त्यातच येतो. सुटी धून ऐकली की हा चढ हातातून निसटतो, म्हणून सगळं सारखं वाटतं.

पहिल्यांदा ऐकताना पुढच्या व्हायोलिनकडे दुर्लक्ष करा (अवघड आहे, मान्य) आणि 'कोंत्रा' पकडा. हा तीन तारांचा व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोडा मोठा, खालच्या सुराचा भाऊ. त्याची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) सपाट असल्याने तिन्ही तारा एकदम वाजतात. नाचणाऱ्याचे पाय बास आणि कोंत्रावरच पडतात. जुन्या वळणाच्या अनेक चाली पाच स्वरांच्या आहेत. धानी राग ओळखीचा असेल तर त्या लगेच जवळच्या वाटतील.

'मुझिकाश' हा वृंद आणि गायिका मार्ता शेबेश्त्येन यांच्यापासून सुरुवात सोपी जाते. मात्र बुडापेस्टच्या रेस्टॉरंटांत वाजतं ते बहुतेक १९व्या शतकापासून रचलेलं शहरी संगीत. तेही झकास असतं, पण बार्तोक आणि कोदाय हे हंगेरियन संगीतकार लोकगीतं ध्वनिमुद्रित करायला फोनोग्राफ घेऊन खेड्यांत फिरले ते त्याच्यासाठी नव्हे.