बाबा कठड्याशी उभे असतात तेव्हा

स्पर्धेत त्या दुसऱ्या मुलीमुळे मागे पडते, असं तू म्हणतेस. पण तुझी खरी अडचण ती नाहीच. तिचा घोडा महागडा आहे, मान्य. पण शो जंपिंगमध्ये, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडायच्या स्पर्धेत, अडथळ्याची दांडी पडली की ४ दंडगुण तिलाही आणि तुलाही. घोडा पहिल्यांदा अडला तरी ४, आणि खाली पडलीस तर थेट बाद. तिथे घोड्याची किंमत कोणी विचारत नाही.

अडचण आहे कठड्याशी उभ्या असलेल्या बाबांची. तू त्यांच्याकडे पाहतेस, खांदे आखडतात, हात ताठ होतात आणि लगाम नकळत खेचला जातो. घोड्याला तोंडातल्या कडीवाटे ते लगेच कळतं. एक कान मागे वळतो, पावलं तोकडी होतात आणि उडी चुकते. मग घरी जाताना गाडीत बोलणी! माझ्या आईने मला एकदा अख्खा रस्ता ऐकवलं होतं. तिसऱ्या अडथळ्याआधी मी तिच्याकडेच पाहत होते, हे तिला आजही ठाऊक नाही.

बाबांशी बोल, पण स्पर्धेच्या दिवशी नको. पैसे त्यांचे लागतात, तेव्हा त्यांना वाटणारच. एवढंच माग, की खोगीर उतरवून घोड्याला खरारा करून होईपर्यंत निकालाचा विषय काढायचा नाही.

आणि स्पर्धेआधी त्या मुलीबरोबर मैदान पायी फिरून बघ. दोन अडथळ्यांमध्ये घोड्याची किती पावलं बसतील, हे ती चांगलं मोजते, मी पाहिलंय.