दोन्ही बाळंतपणं सिझरची, तरी लघवी का निसटते?

हा प्रश्न स्त्रिया सहसा उठून निघताना, दाराशी थबकून विचारतात. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या पंचेचाळिशीच्या एका ताईंनी मात्र खुर्चीत बसल्याबरोबर विचारला. "मॅडम, दोन्ही वेळा सिझर झालं, खालचा भाग ताणलाच गेला नाही, मग शिंकलं की लघवी का होते?" सासूबाईंच्या मते बाळंतपणात पथ्य न पाळल्याचे हे फळ होते, आणि ताईंनाही ते पटू लागले होते.

सिझरमुळे धोका कमी होतो, संपत नाही. नऊ महिन्यांचा भार आणि संप्रेरकांतले बदल ओटीपोटाच्या तळाला सोसावेच लागतात. शिंकेसरशी पोटातला दाब वाढतो, तेव्हा मूत्रमार्ग खालच्या आधारावर दाबला जाऊन मिटतो. हा आधार केवळ स्नायूंचा नसून, त्यांना हाडांशी बांधणाऱ्या संयोजी ऊतींचाही असतो, आणि त्यांची बळकटी मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनावर अवलंबून असते. काही घराण्यांत या ऊती मुळातच सैल असतात. ताईंचा अंगठा लहानपणी मागे वाकून मनगटाला टेकत असे आणि त्यांच्या आईचे अंग बाहेर आले होते, म्हणजे गर्भाशय खाली उतरले होते. एवढ्यावरून निदान होत नाही, पण दोष पथ्याचा नाही हे सांगायला मला ते पुरेसे वाटले.

खरी काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची वाटली. इतवारीत खरेदीला जायचे म्हणून त्या ऐन मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, सकाळपासून पाणी टाळत. लघवी दाट झाली की मूत्राशय अधिकच चिडते, शिवाय नागपूरच्या उन्हात हा उपाय दुखण्याहून भारी पडायचा.

लघवीची तपासणी स्वच्छ आल्यावर त्यांना फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. 1948 साली अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नॉल्ड केगेल यांनी मांडलेले, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम ताई मोबाइलवर पाहून करीतच होत्या, पण श्वास कोंडून आणि खाली जोर देऊन, म्हणजे नेमके उलट. वायू अडवताना आत ओढावे तसे, पोट ढिले ठेवून ओढायचे, आणि शिंक येतेय असे वाटताच ती सुटण्याआधी आवळून धरायचे, हे त्यांना हात धरून शिकवावे लागले. ऊती व्यायामाने बदलत नाहीत, पण स्नायू त्यांची उणीव बरीच भरून काढतात. त्याला निदान तीन महिने द्यावे लागतात.

आता शिंकेला त्रास होत नाही, जिना धावत उतरताना अजून होतो. मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया त्यांनी तूर्त लांबवली आहे, आणि पुढच्या भेटीला धाकट्या बहिणीला घेऊन येणार आहेत.